धुरी

ओवा-वावडिंग निखाऱ्यांवर पडलं आणि पाळण्याशेजारच्या कणमापकाचा हिरवा दिवा लाल झाला.

"बघ, आई! हे कण केसाहून बारीक, थेट बाळाच्या फुप्फुसात जातात," वैजयंती कडाडली. हवेतल्या सूक्ष्म कणांवरच तर तिचं संशोधन होतं.

"तुलाही अशीच धुरी दिलीय, वैजू," बाळंतपण करायला आलेली आई पुटपुटली, पण मुकाट्याने शेगडी अंगणात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी धुरी नव्हती, तरीही बाळाच्या अंघोळीनंतर दिवा लालच. "माझ्या पाठीमागे धुरी दिलीस ना?" वैजयंतीने विचारलं. आईने अंगणातल्या थंडगार शेगडीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी वैजयंतीच्या जिवाला चैन पडेना. तिने खिडक्या लावल्या, देवापुढची उदबत्ती विझवली, आईला फोडणीसुद्धा थांबवायला लावली. बाळाला न्हाऊ घालून आणलं तेव्हा दिवा हिरवा होता. तिने यंत्रावरची नजर हलवली नाही. बोटं आपली नेहमीच्या सवयीने बाळाच्या मानेला, काखेला पावडर थापत होती. उन्हाच्या तिरिपीत पांढरा ढग तरंगला. दिवा लाल झाला.

हातातला डबा हातातच राहिला. स्वयंपाकघरातून आईने भीतभीत विचारलं, "आता देऊ का गं फोडणी?"