चौपेडी

मैत्रेयी उड्या मारत घाटाच्या तीन पायऱ्या उतरली, पाठमोरी उभी राहिली, आणि मृणालिनीला ती वेणी दिसली.

चौपेडी. मानेपासून कमरेपर्यंत एकसारखी उतरलेली. भांग असा सरळ, की होडीनं सकाळच्या पाण्यात रेघ ओढावी. टोकाला ना रिबन ना रबर. केसांचीच बारीक गाठ मारून शेवट आत दडवलेला. पुरुषाच्या हातची ही वेणी नव्हेच.

पंधरा दिवसांपूर्वी याच अमृतराव घाटावर तिची आणि नवऱ्याची, यज्ञेशची, जुंपली होती. तिच्या बँकेनं तिची बदली नागपूरला केली होती, तीन आठवड्यांनी निघायचं होतं, आणि मुलगी आपल्याबरोबर येणार हे तिनं गृहीतच धरलं होतं. यज्ञेश म्हणाला, ती इथं जन्मली, इथंच राहील, माझ्यापाशी. वेगळे राहू लागल्यापासून मैत्रेयी शुक्रवार-शनिवार बापाची आणि बाकीचे दिवस आईची होती. आता वाटून घ्यायला दिवसच उरले नव्हते. तेव्हा मृणालिनी हसून म्हणाली होती, "आठ वर्षांच्या मुलीची वेणी तरी घालता येते का तुम्हाला? ज्या दिवशी घालाल, त्या दिवशी ठेवून घ्या." यज्ञेश आपल्या हातांकडं बघत राहिला होता. त्या जिंकण्याची गोडी तिला पंधरा दिवस पुरली. आज ती नागपूरच्या शाळेचा कागद पर्समध्ये घालून आली होती. त्याची सही झाली की झालं.

"वेणी कुणी घातली गं?"

मैत्रेयीनं खाली पाहिलं. चार पायऱ्यांवर, बांबूच्या छत्रीखाली, यज्ञेश साताऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाला तर्पण सांगत बसला होता.

"बाबा बोले, बताना नहीं," ती घाटावरच्या हिंदीत म्हणाली.

म्हणजे आहे कुणीतरी. कुणीतरी पहाटे उठून, पाटावर बसून, ह्या पोरीला गुडघ्यांत धरते. बटा सोडवते. एकेक पेड उचलताना गुणगुणत असेल. बांगड्या वाजत असतील. आणि ही पोर, जी शाळेच्या घाईत कधी दोन मिनिटं स्थिर बसली नाही, जिच्यामागं फणी घेऊन सगळं घर पालथं घालावं लागतं, ती तिच्यापुढं मान खाली घालून बसते. नवरा सोडला तेव्हा मृणालिनीला एवढं लागलं नव्हतं. ही मान लागली.

तिनं मुलीला पायरीवर बसवलं आणि वेणी सोडायला घेतली. गाठ सुटेना. नखानं सुटेना, पिनेनं सुटेना. शेवटी दातांनी ओढली. केसांना खोबरेल होतं आणि त्यावर कसला तरी थंड, ओळखीचा वास होता. पण तो कशाचा हे आठवायला ती थांबली नाही.

"छोडो ना आई. मला तशीच हवी होती," मैत्रेयी म्हणाली. मग नाक ओढत राहिली.

खाली मंत्र क्षणभर अडखळला. यज्ञेशनं वर पाहिलं होतं. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी होतं, त्याला उठता येईना. शेवटची ओंजळ सुटली, म्हाताऱ्याच्या बोटातली पवित्रकं, दर्भाला गाठ मारून केलेल्या अंगठ्या, उतरली, तेव्हा तो वर आला. त्याचं गंध लावायचं बोट अजून ओलं होतं.

"घरात कोण आणलीये ते एकदा सांगून टाका," मृणालिनी हळू आवाजात म्हणाली. "तिच्या हाताखाली माझी मुलगी वाढणार नाही."

यज्ञेश मैत्रेयीच्या वरच्या पायरीवर बसला, तांब्यात बोटं बुडवली आणि विस्कटलेले केस मागं घेतले. मैत्रेयीची मान आपोआप खाली गेली. त्यानं चार पेड केले. मग त्याची बोटं चालू लागली, एक वर, एक खाली, एक आतून, न बघता, नजर नदीवर. बोटात पवित्रक अजून तसंच होतं. टोकाशी आल्यावर त्यानं शेवट वळवला, वेढा दिला, आत सारला आणि अंगठ्यानं दाबला.

पवित्रकाची गाठ.

नऊ वर्षं ती त्या घरात राहिली होती. रोज सकाळी ओल्या दर्भाचे तुकडे आणि फसलेल्या गाठी केरसुणीनं गोळा केल्या होत्या. घरातला तो थंड वासही गंधाचा आणि दर्भाचा. जगात कुणीही ओळखली नसती तरी तिनं ही गाठ ओळखायला हवी होती.

"पहले दर्भावर प्रॅक्टिस केली," मैत्रेयी खाली मानेनंच म्हणाली. "कितनी सारी तोडली. घाटावरचे पंडितजी हसतील म्हणून बताना नहीं."

यज्ञेशनं हात धोतराला पुसले.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला. एवढंच.

मृणालिनीनं पर्सच्या चेनवर हात ठेवला. चेन उघडली नाही; सहीचा कागद आतच राहिला. ती बाई कुठंच नव्हती. जिच्यावर रागवायचं, अशी कुणीच उरली नव्हती. आणि तरी राग विझेना. त्याच्या त्या ओल्या बोटांकडं तिला बघवेना.

"चल," ती मुलीला म्हणाली.

मैत्रेयी बापाच्या पाया पडली आणि निघाली. आईच्या पुढं होऊन ती पायऱ्या चढू लागली. दोन पायऱ्या चढल्यावर तिनं एकदा मागं पाहिलं, वेणी खांद्यावरून पुढं ओढून घेतली, आणि घाट संपेपर्यंत ती गाठ मुठीत झाकून धरली.