वीस मिनिटं

रविवारी आईचा फोन आला, "निघालेय गं, वीस मिनिटांत पोचते."

मी चहाचा कप तसाच ठेवून स्टुलावर चढले आणि माळ्यावरचं खोकं ओढलं. आईने स्वतः शिवलेले भडक, मोठमोठ्या फुलांचे पडदे त्यात असायचे. ती येणार असली की माझे राखाडी पडदे उतरायचे आणि ते चढायचे. शेवटची कडी अडकवते तोच बेल वाजली.

आई आत येऊन खिडकीकडे बघत राहिली.

"एक उलटा लागलाय," ती हसली. "पण घर कसं घरासारखं वाटतंय! तुझ्या आवडीवर सोडलं असतं तर दवाखाना झाला असता."

ती निघताना मी नेहमीसारखं बजावलं, "फोन केल्याशिवाय येऊ नकोस हं."

दुसऱ्या दिवशी आई झोपेतच गेली.

महिन्याभराने वॉचमनकाका म्हणाले, "ताई, तुमच्या आई फोन करायच्या ना, तेव्हा इथे खाली या बाकावरच बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, 'लेकीला पडदे बदलायला वेळ लागतो.'"

 

मी रिकाम्या बाकाकडे वळून म्हणाले, "आई, थेट वर ये गं. आता तुझेच पडदे लावलेले असतात."