सतरावा ठसा

"एकही नाही," क्रॅब्ट्री म्हणाला आणि त्याने भिंग खाली ठेवले. "नऊ नंबरच्या यंत्राच्या लेसमध्ये एकही दोष नाही. म्हणजे त्या यंत्राला रफूवालीची गरज नाही. सोमवारपासून येऊ नका, मिसेस स्मेडली."

हेटी स्मेडली टेबलापलीकडे उभी होती. टेबलावरची अकरा यार्ड पांढरी लेस सकाळपासून दोनदा त्या भिंगाखालून गेली होती. इतर पाच जणींच्या कामात रफूचे टाके दिसले. त्या पाच जणी राहणार होत्या. हेटीचे टाके दिसले नाहीत. चांगल्या रफूची खूण हीच, की ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते झालेच नाही, असे क्रॅब्ट्रीचे गणित होते. तो या लेसच्या गावचा, लाँग ईटनचा नव्हता. मँचेस्टरच्या सूतगिरणीतून दोन महिन्यांपूर्वी व्यवस्थापक म्हणून आला होता.

खाली अंगणात घणाचे घाव पडत होते. स्कर्ट आखूड झाले तशी लेसची मागणी आटली, आणि उरलेली मागणी फ्रान्समधले कॅलेवाले स्वस्तात भागवू लागले. बारांपैकी पाच यंत्रे मोडून झाली होती, सहावे मोडले जात होते. उरलेल्या सहांनाही नियम लागू होता: एका तुकड्यात दहाहून अधिक दोष निघाले, तर यंत्र घणाखाली. यंत्र गेले की विणकरही गेला.

नऊ नंबरवर हेटीचा नवरा एनॉक होता.

तिच्या कॉलरमध्ये सुई होती. या तुकड्यात तिने सोळा ठिकाणी रफू केले होते; सोळाही जागा पाच मिनिटांत उसवून दाखवता आल्या असत्या. पण सोळा हे दहापेक्षा जास्त होते. शिवाय दुसरी गोष्ट होती. एनॉक लढाईवरून परतला तो डावा कान गमावून. धागा तुटल्याचे विणकराला कानाने कळते. नऊ नंबरची लेस तेव्हापासून हेटी आपल्याच टेबलावर मागून घेत असे, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. "नऊ नंबर चुकत नाही," असे एनॉक बारा वर्षे क्लबात सांगत आला होता. ती त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढत असे.

तिने सुईला हात लावला नाही.

एनॉक दारात येऊन उभा राहिला. क्रॅब्ट्रीनेच त्याला शाबासकी द्यायला बोलावले होते. तो उंबऱ्याबाहेरच थांबला; लेसच्या यंत्रांना तेल चालत नाही, ग्रॅफाइटची पूड लागते, आणि तसल्या काळ्या हातांनी पांढऱ्या लेसच्या खोलीत शिरायला विणकरांना बंदी होती.

"अभिनंदन, स्मेडली. नऊ नंबर राहणार. दोष शून्य," क्रॅब्ट्री म्हणाला. "तुमच्या मिसेसना मात्र निरोप द्यावा लागतोय. यंत्रच इतकं चांगलं म्हटल्यावर, काय करणार."

एनॉकने उजवा कान पुढे केला. "परत सांगा."

क्रॅब्ट्रीने परत सांगितले.

"शून्य," एनॉक म्हणाला.

"खाली जा तू," हेटी म्हणाली. "यंत्र थांबलंय तुझं."

"थांबू दे."

तो आत आला. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गॅड्स्बीबाईने आपली लेस पोटाशी ओढली. "हात आवर रे, एनॉक. नवरीच्या डोक्यावर जायचीय ती, कोळशाच्या वखारीत नाही."

एनॉकने लेसचे टोक हातात घेतले आणि तो विणीतली फुले मोजू लागला. "तिसरं फूल, डावी पाकळी," तो म्हणाला आणि तिथे अंगठा दाबला. पांढऱ्यावर काळा ठसा उमटला. "पाचवं, देठाशी." दुसरा ठसा. "नववं. इथं दोन, शेजारी शेजारी."

प्रत्येक ठसा बरोबर आपल्या टाक्यावर पडतो आहे, हे हेटीला दिसत होते.

"तुला कसं कळलं?" तिने हळूच विचारले.

"धागा तुटला की यंत्राच्या दांड्याला हिसका बसतो. तळहाताला कळतं. त्याला कान कशाला हवा?"

म्हणजे बारा वर्षे त्याला ठाऊक होते. क्लबात नऊ नंबर चुकत नाही म्हणताना तो यंत्राबद्दल बोलत नव्हता.

"स्मेडली," क्रॅब्ट्री म्हणाला, "दहाच्या वर गेलं तर काय होतं, माहीत आहे ना?"

अंगणात घण पडला. खिडकीची काच थरथरली.

"तेवढं मलाही ऐकू येतं, साहेब." एनॉकने अकरावा ठसा उमटवला.

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. हेटी मनात मोजत होती. चौदा. पंधरा. सोळा. सोळाव्यानंतर तिने श्वास सोडला. एनॉक थांबला नाही. त्याने उरलेली लेस हातभर पुढे ओढली, चार फुले मोजली आणि शेवटच्या पानावर अंगठा टेकवला.

तिथे तिने रफू केलेले नव्हते.

ती वाकली. ठशाच्या मधोमध जाळीचा एक धागा खरोखरच तुटलेला होता, भोक मोहरीएवढे. बारा वर्षांत तिच्या नजरेतून सुटलेले ते पहिलेच असावे. तिने कॉलरमधली सुई काढली, धाग्याचे सुटे टोक सुईवर उचलले आणि क्रॅब्ट्रीपुढे धरले.

क्रॅब्ट्रीचा हात भिंगाकडे गेला, आणि तिथेच राहिला.

"सोळा हिनं झाकले, साहेब," एनॉक म्हणाला. "सतरावा तुमच्या भिंगानं."