तिसरी पखाल

पावसाळ्यात सुदानमधल्या जेबेल मारा डोंगराची दरड कोसळली आणि अबकरचं गाव गाडलं गेलं, बायको कलतुमासकट. अबकर बाजाराला गेला होता म्हणून वाचला.

त्याचं गाढव मात्र रोज सकाळी झऱ्यावरून दोन भरल्या पखाली घेऊन सवयीनं त्या चिखलावर जातं आणि रिकाम्या घेऊन परततं. मदत समितीनं पखाली तपासून त्या गळत नसल्याचा ठराव केला.

मृतांच्या यादीत कलतुमाच्या नावापुढं अंगठा घ्यायला समितीतर्फे मी गेलो.

"देतो की, मास्तर. पण रिकाम्या परतणाऱ्या पखालींना रोज डावखुरी गाठ असते, ती कलतुमाशिवाय कोण मारतं, ते आधी सांगा."

एवढ्यात गाढव परतलं. पाठीवर तीन रिकाम्या पखाली होत्या.

"घरी पाहुणे आले की ती भरायला तिसरी धाडते," अबकर म्हणाला. "आधी पाणी. अंगठा नंतर."