मागची खिडकी

"वायरिंगच आहे हो मॅडम. लिहून टाका," गाडीमालक चौथ्यांदा म्हणाला.

तपासनीस बाईंनी मान वर केली नाही. जळलेल्या गाडीच्या मागच्या दारात त्या गुडघे टेकून बसल्या होत्या आणि चिमट्याने एकेक तार उचलून भिंगाखाली धरत होत्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. कमी जळलेल्या बाजूने सुरुवात करायची, सगळ्यात जास्त जळलेल्या जागी थांबायचं आणि तोवर कोणाचं काही ऐकायचं नाही. बोनेट शाबूत होतं. पुढच्या सीटा नुसत्या काळवंडल्या होत्या. मागे मात्र, ड्रायव्हरच्या बरोबर पाठीशी, सीटचा स्पंज तळापर्यंत जळला होता आणि त्यावर बांधलेल्या लहान मुलाच्या खुर्चीचा वितळून गोळा झाला होता.

मालक गाडी ऑफिसखाली लावून वर गेला होता. वीस मिनिटांनी वॉचमनला धूर दिसला. गाडीत तेव्हा कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

गॅरेजचा वायरमन खांबाला टेकून उभा होता. मागचे स्पीकर त्यानेच बसवले होते, आठच दिवसांपूर्वी. अहवाल विरुद्ध गेला तर सोमवारपासून येऊ नकोस, असं शेठने त्याला बजावलं होतं. बावीस वर्षं तो याच गॅरेजात होता.

"साहेब सिगारेट ओढतात, ते विचारा की," तो म्हणाला.

"ओढतो! चोरून ओढतो का?" मालक उसळला. "पण गाडीत कण सांडू देत नाही मी. काच खाली, हात बाहेर, संपली की थोटूक रस्त्यावर. मागे मुलगी असते. तिला धूर लागू नये म्हणून तिचीही काच खाली. असा बाप दाखवा मला दुसरा."

"रस्ता म्हणजे यांच्या तीर्थरूपांचा ॲशट्रे," वायरमन पुटपुटला.

बाईंनी भिंग खिशात टाकलं. या महिन्यातली ही पाचवी गाडी. पाचही मालक थोटूक बाहेरच टाकत होते. पाचही जण तेच सांगत होते, आणि तेही छाती पुढे काढून. बाईंना त्या वाक्याचा वीट आला होता.

"शॉर्ट झाला असता तर तांबं वितळून तारेच्या टोकाला मणी धरतो," त्या म्हणाल्या. "इथे एकाही तारेला मणी नाही."

"मग काय भुताने लावली?"

"चला. एक चक्कर मारून येऊ."

खात्याची गाडी बाहेर उभी होती. बाईंकडे डबीत वीस सिगारेटी होत्या. न पेटवलेल्या, थोटकाएवढ्या कापलेल्या. टोकाला ओला लाल रंग, म्हणजे लागेल तिथे खूण उमटणार.

"मोजायला मी बसते मागे," मालकाची बायको म्हणाली. सकाळपासून तिने तोंड उघडलं होतं ते आत्ताच. ती ड्रायव्हरच्या पाठीमागे बसली. वायरमन तिच्या शेजारी बसला, मालक स्टिअरिंगवर, बाई त्याच्या शेजारी. दोन्ही काचा खाली केल्या. गाडीने वेग धरला आणि मालकाने पहिलं थोटूक भिरकावलं. हात सराईत होता.

"गेलं," बायको म्हणाली. "गेलं. गेलं. आलं."

"काय आलं?"

"आत आलं. तू टाक पुढचं."

विसांपैकी सहा परत आली. तीन सीटवर, दोन पायाशी, एक बायकोच्या हातावर.

"घरची ओढ आहे त्यांना," वायरमन म्हणाला. त्याने डोळे पुसले.

"योगायोग," मालक म्हणाला.

"सहा वेळा?" बाईंनी वही उघडली. "पेटलेलं थोटूक स्पंजात शिरलं की आतल्या आत धुमसत राहतं. तुम्ही खुशाल वर निघून जाता." आगीचं कारण त्यांनी एका ओळीत लिहिलं, खाली सही केली आणि वही मिटली. गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. वायरमन उतरला, बाई उतरल्या.

बायको उतरली नाही. तिच्या मनगटावर वाटोळा लाल ठिपका उमटला होता. तिने त्यावर करंगळीचं टोक ठेवून पाहिलं.

"मॅडम, असं आत आलेलं विझलेलं नसतं?"

"नाही. वाऱ्याने उलट फुलतं."

ती नवऱ्याकडे वळली. "गेल्या महिन्यात पिल्लूच्या दंडावर चटका होता. एवढाच. असाच गोल."

"ते आत्ता कशाला काढतेस इथे?"

"तू तिला घरी घेऊन आलास तेव्हा ती रडत होती."

"गाडीत रोजच रडते ती!"

त्याचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

"पाळणाघरातल्या मावशी," ती म्हणाली, "पोलिसांच्या गाडीत चढेपर्यंत सांगत होत्या, ताई, मी नाही हो चटका दिला."