चौथं माणूस

आंदोंग डोंगराच्या पायथ्याशी सासूबाईंनी माणसं मोजली आणि त्या थबकल्या. "तिघंच आहोत. विषम संख्येनं वर जाऊ नये, डोंगर एकाला ठेवून घेतो."

"चार आहोत की, आई," वेनिंग म्हणाली. दोन वर्षांची किनासिह तिच्या पाठीवर झोळीत बांधलेली होती.

"पाठीवरचं ओझं मोजत नाहीत, सूनबाई. आपल्या पायांनी चढेल ते माणूस." त्यांनी एक वाळकी काठी उचलून लेकाच्या हातात दिली. "हे आपलं चौथं माणूस. नीट सांभाळ."

प्रसोजोनं बायकोकडे न बघता काठी घेतली.

चढ छातीवर येत होता. किनासिह झोपून जड झाली होती आणि झोळीची गाठ वेनिंगच्या खांद्यात रुतत होती. पुढून नवरा हसला. "अगं, पाय उचल. काठीसुद्धा तुझ्या पुढे गेली."

शेवटच्या खड्या टप्प्यापाशी वेनिंगनं त्याला थांबवलं. लेकीला त्याच्या पाठीवर बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि काठी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मोजलेलं माणूस मी नेते. न मोजलेलं तुम्ही आणा. जड लागायचं काही कारणच नाही."

शिखरावर सासूबाईंनी पुन्हा बोट उचललं. "एक, दोन, तीन, आणि ही काठी..."

"काठी सोड, आई," घामानं निथळणारा प्रसोजो धापा टाकत म्हणाला. "चार आहोत."

वेनिंगनं काठी गुडघ्यावर धरून मोडली. लेक मात्र उतरतानाही परत मागितली नाही.