फरशीवरचा पाय

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा “जरा पडलो की बरं वाटेल” म्हणत मी वेळ घालवला आणि उजवा पाय लुळा करून बसलो. मी गवंडी. घरातली फरशी मीच बसवलेली, तिच्यावरच तो पाय घासत पुन्हा चालायला शिकलो. सर्र, टप. सर्र, टप. हट्टाने पाय उचलायला लागलो, तेव्हा कुठे तो आवाज बंद झाला.

आज सकाळी तो पुन्हा ऐकू आला.

“अहो, पाय उचला की!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. “चांगलं चालता येतंय, मग हे कसले लाड?”

“मी बसलोय गं.”

माझे दोन्ही पाय स्टुलावर होते. आवाज माझ्या खुर्चीला वळसा घालून स्वयंपाकघराकडे निघाला.

मी उठलो, त्याला मागे टाकून दारात आडवा उभा राहिलो. “माझं नेलंस ते मी परत आणलं. आता हिला हात लावून दाखव!”

सर्र. मग काहीच नाही.

“कुणाशी भांडताय?”

मी ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला आणि झटका ओळखायला डॉक्टरांनी शिकवलेलं आठवत तिच्याकडे वळलो. “दोन्ही हात वर कर.”

“मी काय चोर आहे?” तिने हात वर केले. दोन्ही सरळ होते.

“आता हस बघू.”

माझ्या वेडेपणाला ती हसली. ओठांची डावी बाजू तेवढी वर गेली.